चुकलेल्या सुराची विहीर

"म्हैसूरले जाऊन राजाचा वाडा नाई पाह्यला, दोसा नाई खाल्ला अन् वीणा नाई आयकली, तं जवाईबुवा, मानूस गेला कायले म्हनतो मी?"

फूलचंद हे वाक्य कारंज्याच्या कापडबाजारात, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्तुरचंदांच्या, गादीवर लोडाला टेकून म्हणत. आदल्या वर्षी ते यात्रेकरूंच्या संघाबरोबर दक्षिणेची यात्रा करून आले होते. आले तेव्हा त्यांचा दोसा वीतभर होता. दिवाळीपर्यंत तो हातभर झाला, आणि संक्रांतीला तो हवेत आखून दाखवताना त्यांनी शेजारचं धोतरांचं ठाण पाडलं.

कस्तुरचंदांना दोशाचं फारसं वाटत नसे. त्यांना टोचत होती ती वीणा. अख्ख्या बाजारात ग्रामोफोन त्यांच्याकडेच होता, आणि मंदिरात भजन चालू असताना पेटीवाला चुकला की सर्वांच्या आधी कस्तुरचंदांची भुवई वर जाई. फूलचंदांना तर टाळी कुठे वाजवायची हेही शेजाऱ्याकडे पाहून कळे. अशा माणसाने म्हैसूरची वीणा ऐकावी आणि आपण ऐकू नये, हा कस्तुरचंदांना सरळसरळ अन्याय वाटे. म्हणून त्या माघात संघ निघाला तेव्हा त्यांनी नवराबायको दोघांची नावं दिली.

पानाबाईंनी एकच गोष्ट विचारली. "तिकडं इहिरी हायेत ना?"

"मान्सं राह्यतात तिथं. असतीनच ना वं इहिरी."

"मंग चालते."

पानाबाईंचा नेम कारंज्यात सगळ्यांना ठाऊक होता. पाणी गाळून पिणं हे कोणत्याही जैन घरातलं रोजचं काम, पण पानाबाईंचं काम गाळण्यापाशी संपत नसे. दुहेरी फडक्यात जे सूक्ष्म जीव अडकले असतील, ते त्या गाळलेल्याच पाण्याने एका लोट्यात अलगद उतरवून घेत. याला जिवाणी म्हणत. लोट्याच्या तळाला कडी होती. दोरी बांधून तो विहिरीत हळूहळू सोडायचा आणि पाण्याला टेकला की हलका झटका द्यायचा, म्हणजे लोटा कलंडतो आणि जीव उंचावरून न आदळता आपल्या घरी जातात. आपल्याच घरी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी, कारण दुसऱ्या पाण्यात ते जगतील याची खात्री कोणी द्यावी? ही गोष्ट पानाबाईंना त्यांच्या आजेसासूने सांगितली होती. ती खोटी आहे असं पुढे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांनाही म्हणता आलं नाही.

कारंज्याच्या छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी, मग दक्षिणेकडच्या आणखी गाड्या, असा प्रवास झाला. गोमटेश्वराचं दर्शन झालं. प्रत्येक मुक्कामी पानाबाईंनी पाणी गाळलं, जिवाणी परत केली, आणि प्रत्येक वेळी कस्तुरचंद "चाल ना आता" म्हणत उभे राहिले. शेवटी म्हैसूरचा दिवस आला. पहाटे पोचायचं, शहर पाहायचं आणि दिवेलागणीच्या गाडीने परत फिरायचं.

त्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की टांग्यात बसून घोड्याचे कान दिसेनात. पानाबाई रात्री पाणी पीत नसत, त्यामुळे उजाडेपर्यंत त्यांचा घसा सुकला होता. धर्मशाळेच्या वाटेवर टांगेवाल्याने एका अरुंद बोळात टांगा थांबवला. बोळाच्या दोन्ही बाजूंना घरांची मागची दारं होती, दारामागे अंगण आणि अंगणात विहीर. एक दार उघडं होतं. कस्तुरचंदांनी दोनदा "कोनी हाये का जी?" अशी हाक दिली. कोणी आलं नाही. आत मात्र वीणा वाजत होती.

कस्तुरचंद जागीच उभे राहिले. "आयकून राह्यली काय तू? काय सूर हाय! कोनी मोठा उस्ताद हाय आत."

पानाबाईंनी स्वतःच पाणी ओढलं, गाळलं, धुक्यातूनच उजाडल्यावर प्यायलं. विहिरीचा कठडा उंच होता. "अहो, जिवाणी सोडाची हाये," त्या म्हणाल्या.

"दे इकडं, मी सोडतो."

कस्तुरचंदांनी लोटा हातात घेतला. सूर वर चढत होता. चढता चढता मध्येच एक पायरी सोडून त्याने अशी काही उडी घेतली की कस्तुरचंदांचे डोळे मिटले. टांगेवाल्याने हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, लोट्याचं तोंड फडक्याने घट्ट बांधलं, तो फार जपून टोपलीत ठेवला आणि टांग्यात चढले.

धर्मशाळेत पोचल्यावर स्नान झालं, मंदिर झालं. संघातली बाकीची मंडळी राजवाड्याकडे निघूनही गेली. पानाबाईंनी टोपलीत हात घातला.

"अहो, हा लोटा अजून भरलेला कसा?"

कस्तुरचंदांनी लोट्याकडे पाहिलं.

"सोडली ना तुमी जिवाणी?"

"सोडाचीच होती."

"म्हंजे नाई सोडली."

"वीणा वाजून राह्यली होती ना वं."

पानाबाईंनी लोटा सावलीत ठेवला, त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"आता असं कर," कस्तुरचंद म्हणाले, "इथंच धर्मशाळेच्या इहिरीत सोड. पानी ते पानी."

"कारंज्याचं लेकरू कामरगावच्या वट्यावर सोडून याल काय? घर ते घर?"

"अवं, कोनती इहीर होती ते तरी मालूम हाय का तुले? धुक्यात काय दिसलं?"

"नाई मालूम. पन हे घरी गेल्याबिगर मी पानी नाई घेनार." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की त्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

पहाटेचा टांगेवाला शोधायला कस्तुरचंद स्टेशनवर गेले. तो नंजनगूडचं भाडं घेऊन गेला होता आणि दुसऱ्या दिवशी यायचा होता. तिथे मस्तान नावाचा दुसरा टांगेवाला रिकामा होता.

"कां जाना सेठ? महल?"

"इहिरीवर. म्हंजे बावडी पे."

"कौनसी बावडी?"

"वो ही तं मालूम नाई है."

मस्तानने पुढचं काही विचारलं नाही. धर्मशाळेच्या दारात पानाबाई लोटा मांडीवर घेऊन टांग्यात बसल्या तेव्हा मात्र त्याने वाकून पाहिलं. कस्तुरचंदांनी आपल्या हिंदीत, म्हणजे वऱ्हाडीला मागून 'है' लावून, सगळा प्रकार सांगितला.

"इसमें जीवां हैं?" मस्तान म्हणाला. "दिखते तो नैं."

"दिसत नाईत," पानाबाई म्हणाल्या.

मस्तानने थोडा विचार केला. "हौ. नैं दिखे तो भी रैते, कित्तेक चीजां." मग त्याने चाबूक बाजूला ठेवला. पाणी हिंदकळता कामा नये, हे त्याला सांगावं लागलं नाही. टांगा माणसाच्या चालीने निघाला. घोड्याला असा दिवस बहुधा आयुष्यात मिळाला नव्हता.

शहर त्यांच्या दोन्ही बाजूंनी सावकाश सरकू लागलं. घुमट दिसले, कमानी दिसल्या.

"काय हाय जी ते?"

"राजाचा वाडा," कस्तुरचंद म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

"तिथं बोळ नसन," पानाबाई म्हणाल्या, आणि टांगा पुढे गेला. पुढे मोगऱ्याचे ढीग लागले, चंदनाचा वास लागला, केळीच्या पानांनी भरलेल्या गाड्या लागल्या. एका हॉटेलासमोर कढईएवढ्या तव्यावर माणूस पीठ पसरत होता. ते पसरत पसरत तव्याच्या काठाला टेकलं. दोसा खरंच हातभर होता. फूलचंद खोटं बोलले नव्हते, आणि याचंच कस्तुरचंदांना जास्त वाईट वाटलं. बायको पाणीसुद्धा घेत नसताना खाणार तरी कसं? शिवाय ते पीठ रात्रीपासून आंबवलेलं, म्हणजे नेमात न बसणारं. पानाबाईंनी ते ओळखून मान आधीच दुसरीकडे फिरवली होती.

"विहीर दिसली नाही, पण वीणा तर ऐकली आहे," असं कस्तुरचंदांनी आपल्या हिंदीत मस्तानला समजावलं. "वो सूर मैं हजारों में पहचानूंगा है."

मस्तानने त्यांना ज्या भागात वीणा वाजते तिथे नेलं. पहिल्याच बोळात तो सूर ऐकू आला. कस्तुरचंद चालत्या टांग्यातून उतरले. "हेच! हेच ते घर!" तेवढ्यात समोरच्या घरातूनही तोच सूर आला. मग तिसऱ्या घरातून. पुढच्या बोळात एका माडीवर दोन मुली तोच सूर एकमेकींच्या मागे लागून वाजवत होत्या.

मस्तानने दारात फुलं निवडत बसलेल्या एका बाईला तिच्या भाषेत विचारलं. ती हसत सुटली.

"क्या बोली?"

मस्तान अवघडला. "सेठ, ये तो बच्चियां का पैला सबक है बोलते. यां घर घर में येइच बजता."

कस्तुरचंद पुन्हा टांग्यात चढून बसले.

"पोट्ट्यायचा पयला धडा," पानाबाई म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता, नुसती नोंद केली होती. त्यामुळे ती अधिक लागली.

"पन तिथं असा नोता वाजत!" कस्तुरचंद एकदम म्हणाले. "या पोट्ट्या सरळ चढून जातात. तिथं मधात एक जागा होती. एक पायरी सोडून उडी होती. पयला धडा असन का दहावा, ती जागा या कोनाजवळ नाई."

ऊन कलायला लागलं होतं. राजवाडा आता दुसऱ्या बाजूने दिसत होता. पानाबाईंचे ओठ पांढरे पडले होते. तरी फडकं सुकलं की त्या उतरत, एखाद्या नळावर ते ओलं करून घेत आणि लोट्याला पुन्हा गुंडाळत. नळावर ओंजळ मात्र धरत नसत. कस्तुरचंद हे पाहत होते. वर्षानुवर्षं हे काम ते पाठमोरे उभे राहून ऐकत आले होते. पाहिलं असं ते आजच.

"एक मेष्ट्रु हैं," मस्तान म्हणाला. "मास्टर. इधर की सब छोकरियां उनके पासइच सीखते. उनकू सुनाव."

मेष्ट्रु ओसरीवर कॉफी पीत बसले होते. त्यांना थोडी हिंदुस्थानी येत होती. कस्तुरचंदांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि भर ओसरीवर गाऊ लागले. मेष्ट्रु आधी सौजन्याने हसले. मग ती उडी आली. त्यांनी पेला खाली ठेवला.

"फिर गाइए."

कस्तुरचंद पुन्हा गायले. या वेळी त्यांनी त्या जागेवर जरा जोर दिला.

"ये किधर सुना?"

"वही तं पूछने आए है. कैसी जागा है ना?"

"जागा नहीं है वो," मेष्ट्रु उठून उभे राहिले. "वो गलती है! एक स्वर खाती है. पूरे म्हैसूर में अकेली एक लड़की खाती है. तीन साल से बोल रहा हूं." त्यांनी छत्री उचलली. "चलिए, मैं बताता हूं किसका घर."

कस्तुरचंदांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पानाबाईंनी मात्र सकाळपासून पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. "बरं झालं चुकली पोरगी," त्या म्हणाल्या. "बरोबर वाजवलं असतं तं कसं सापडलं असतं घर?"

बोळ तोच असावा. पण दारं एकासारखी एक, विहिरी एकासारख्या एक. मेष्ट्रूंनी एक दार वाजवलं. त्या मुलीच्या सासूबाई सोवळ्यात बाहेर आल्या. मस्तानने बोळातूनच सगळं सांगितलं, आणि त्या इतक्या मोठ्याने बोलू लागल्या की शेजारच्या तीन विहिरींवरचे रहाट थांबले.

"क्या बोलते?"

"बोलते, हमारी बावडी कू कोई हात नैं लगाता. मैं जागी घर में बैठी रैती. चोर आए सो हमारे घर नैं, और किसी के घर."

"चोर!" कस्तुरचंद म्हणाले.

"भांडू नोका," पानाबाई म्हणाल्या. "त्यायचंही बरोबर असन. खात्री झाल्याबिगर मीच नाई सोडत."

मेष्ट्रूंनी तोड काढली. सुनेने वाजवावं, शेठजींनी ऐकावं, आणि ती उडी आली तर विहीर हीच. सासूबाईंना हे मान्य झालं, कारण सून चुकते हे त्यांचंही मत होतं. ललिता नावाची ती सून खाली मान घालून वीणेपाशी बसली. पानाबाई लोट्याच्या कडीला दोरी बांधून कठड्याशी तयार राहिल्या. सूर चढू लागला. पहिली पायरी, दुसरी, मग ती जागा आली, आणि सूर एकही पायरी न सोडता सरळ, स्वच्छ वर गेला.

मेष्ट्रूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तीन वर्षांनी!

"हे घर नोहे," कस्तुरचंद म्हणाले.

सासूबाईंना भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. त्यांनी जिंकल्यासारखा पदर खोचला. मेष्ट्रु ललिताला पुन्हा वाजवायला सांगत होते. तिने पुन्हा वाजवलं आणि ते पुन्हा बरोबर आलं. ऊन आता फक्त नारळाच्या शेंड्यांवर राहिलं होतं. अंधारात पानाबाई लोटा सोडणार नव्हत्या, आणि दिवेलागणीला गाडी होती. त्यांनी दोरी सोडून ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "अहो, सकाळी हे वाजवत होती तवा तिच्याजवळ कोन होतं?"

"कोनी नाई. मी हाका मारल्या, कोनी आलं नाई."

"मंग आता कशी चुकन ती? समोर मास्तर, बाजूले सासू. माह्या सासूबाई चुलीपाशी उभ्या राह्यल्या की माही भाकरही गोल व्हायची. एकटी असली की वऱ्हाडाचा नकाशा." त्या उठल्या. "सगळे बोळात जा. यायलेही घेऊन जा."

मस्तानने हे कसं सांगितलं कोण जाणे, पण सासूबाईंसकट सगळे बोळात गेले. पानाबाई आत गेल्या, ललिताकडे पाठ करून भिंतीशी बसल्या, लोटा मांडीवर घेतला आणि डोळे मिटून घेतले. दोघींना एकमेकींचा एक शब्दही येत नव्हता. एका दमलेल्या, तहानलेल्या बाईला आपल्याकडून काही नको आहे, एवढं ललिताला कळलं असावं.

बराच वेळ काही झालं नाही. मग तारेवर बोट पडलं. सूर सावकाश वर चढला, आपल्याच तंद्रीत एक पायरी विसरला आणि उडी मारून पुढच्या पायरीवर जाऊन बसला.

बोळात मेष्ट्रूंनी कपाळावर हात मारला.

"हेच!" कस्तुरचंद ओरडले. "हेच ते घर! वा!"

सासूबाई मात्र विचारात पडल्या होत्या. पहाटे आपण देवळात गेलो होतो, हे त्यांना आता आठवलं. ते त्यांनी मस्तानला अगदी बारीक आवाजात सांगितलं. मस्तान म्हणाला, "अम्मा, तुमारेच घर के हैं. सुबू चुक के इनके संग निकल गए थे. अब लाके छोड़ते बस." हे त्याने दोन्ही भाषांत सांगितलं.

सासूबाईंनी लोट्यात वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं, त्यात काहीच दिसत नव्हतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग वृंदावनातलं एक तुळशीचं पान आधी विहिरीत टाकलं आणि बाजूला सरकून जागा दिली.

दोरी कस्तुरचंदांनी मागितली नाही. ते कठडा धरून नुसते वाकून उभे राहिले. पानाबाईंनी लोटा वीत वीत खाली सोडला. तो टेकला, कलंडला. आवाज झाला नाही. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, काठापर्यंत गेलं आणि मिटलं. एवढ्यासाठीच दिवस गेला होता. एवढं पाहून झाल्यावर कोणालाही तसं म्हणावंसं वाटलं नाही.

ऊन जायच्या आत पानाबाईंनी त्याच विहिरीचं पाणी गाळलं, तिची जिवाणी तिथल्या तिथे परत केली, मग पाणी घेतलं आणि दोन केळी खाल्ली. सासूबाईंनी कस्तुरचंदांपुढे केळीच्या पानावर गरम दोसा आणून ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि स्वतःहून म्हणाले, "शिळ्या पिठाचं चालत नाई आमाले. केळं द्या."

निघताना मेष्ट्रु छत्री टेकून ललितासमोर धडा घ्यायला बसलेच होते. पानाबाई टांग्यातून म्हणाल्या, "मस्तानभाऊ, त्यायले सांगा, आमची गाडी सुटेपर्यंत तरी सुधरवू नोका तिले." मस्तानने ते ओरडून सांगितलं. आतून ललिताचं हसू ऐकू आलं.

कारंज्याला आल्यावर तिसऱ्याच दिवशी फूलचंद गादीवर येऊन रेलले. बाजारातली चार माणसंही येऊन बसली.

"मंग जवाईबुवा! वाडा पाह्यला?"

"तीन बाजूंनी."

"अन् आतून?"

"आत नाई गेलो."

"दोसा?"

"पाह्यला. हातभर असते, बरोबर हाय तुमचं."

फूलचंद लोडावरून सरळ झाले. "मंग दिवसभर पाह्यलं काय तुमी तिथं?"

"एक इहीर," आतून पानाबाई म्हणाल्या. मागच्या अंगणात रहाट कुरकुरत होता.

"अन् वीणा तरी आयकली का?"

कस्तुरचंदांनी डोळे मिटले आणि तो सूर गुणगुणायला लागले. माणसं माना डोलवू लागली. सूर चढला, एक पायरी सुटली, उडी पडली. टाळी कुठे पडते हे ज्यांना कधी कळलं नव्हतं, त्या फूलचंदांच्याही कानाला ते लागलं.

"इथं कायतरी चुकलं, जवाईबुवा."

सगळे कस्तुरचंदांच्या भुवईकडे पाहू लागले. ती वर गेली नाही.

"अहो, लोटा धराले या," आतून हाक आली.

"आलो," कस्तुरचंद उठत म्हणाले. मग दारात थांबून त्यांनी फूलचंदांकडे पाहिलं. "चुकलं नाई जी ते. तिथूनच आत वळा लागते."